लॅमिंग्टन रोड : लेन्स गेली, गेम ओव्हर नाही!

शनिवारी दुपारी काय करता? मॉल, मल्टिप्लेक्स, मग तीच ती कॉफी? बॉस, एकदा ट्रॅक बदला. ग्रँट रोडला ईस्टला उतरा आणि थोडंसं चाला. रस्त्याच्या पाटीवर नाव दिसेल, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण हे नाव टॅक्सीवाल्याला सांगून बघा, तो तुमच्याकडे बघतच राहील. ‘लॅमिंग्टन रोड’ म्हणालात, की लगेच मीटर डाऊन! १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन कधीच गेले, नाव मात्र चिकटून राहिलंय.

आईबाबांच्या पिढीसाठी हा थिएटरांचा रस्ता. १९७५ साली ‘शोले’ इथल्याच मिनर्व्हाला लागला आणि पाच वर्षं उतरला नाही. आपल्या पिढीसाठी मात्र हा रस्ता म्हणजे वायर, चिप, मदरबोर्ड. फुटपाथवर केबल्सचे गुच्छ लटकलेले, आत सीसीटीव्हीवाल्यांची रांग आणि वरच्या मजल्यांवर दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं अशी रिपेअरिंगची दुकानं.

माझं तिथे जायचं कारण घरगुती होतं. डोंबिवलीची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. माळ्यावरून दादाचा जुना गेम कन्सोल निघाला. दहावीच्या रिझल्टनंतर, २००९ साली बाबांनी घेऊन दिलेला. आईनं अल्टिमेटम दिला, “एक तर चालू करून आण, नाहीतर भंगारवाल्याला देते.” दादा टोरांटोत, त्यामुळे पिशवी माझ्या खांद्यावर.

पहिल्या दोन दुकानांत एकच उत्तर मिळालं, “मॅडम, नवीन घ्या.” तिसऱ्यानं वर बोट दाखवलं. लाकडी जिना चढून गेले तर आत पन्नाशीचे एक काका, डोळ्यावर भिंग, हातात सोल्डरिंग गन. शेजारी तिशीतला एक मुलगा. सोमवार ते शुक्रवार ऐरोलीत आयटीची नोकरी, आणि शनिवारी इथे. पगार नाही, फक्त शिकायला! “ऑफिसात दिवसभर काम करून हातात काय येतं, तर मेल. इथे संध्याकाळी एक वस्तू चालू होते,” तो म्हणाला. पटलं ना?

त्याचा खास छंद म्हणजे गेमबॉय. २००१ च्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सला स्क्रीनमागे दिवाच नव्हता, खिडकीत बसून खेळावं लागायचं. हा पठ्ठ्या जुना स्क्रीन काढून नवा आयपीएस डिस्प्ले बसवतो. जुन्या मशीनमधले फुगलेले, गळके कॅपॅसिटर बदलतो. कंट्रोलरची दांडी आपोआप एका बाजूला पळायला लागली की तिला म्हणतात ‘ड्रिफ्ट’. आतला पोटेन्शिओमीटर घासून घासून झिजलेला असतो. त्याजागी तो हॉल इफेक्ट सेन्सर टाकतो. यात चुंबकावर काम चालतं, घासण्याचा प्रश्नच नाही. गंमत म्हणजे सेगानं हे १९९८ च्या ड्रीमकास्टमध्येच केलं होतं!

काकांची सुरुवात मात्र वेगळी. “आमची रोजीरोटी होती चिप बसवणं,” ते म्हणाले. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ चा तो जमाना. जगभरात १६ कोटी मशीन विकली गेली. डिस्क ओरिजिनल आहे का, कुठल्या देशासाठी आहे, हे मशीन आधी तपासायचं. मदरबोर्डवर बारीक वायरींनी जोडलेली मॉडचिप त्याला सांगायची, ‘सगळं ठीक आहे, चालू दे.’ त्यातून परदेशातून आणलेली ओरिजिनल डिस्कही चालायची, हे खरं. पण बहुतेकांना हवी असायची फुटपाथवरची स्वस्त कॉपी, हेही तितकंच खरं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ६५ए हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. काकांनी ते काम केव्हाच सोडलंय. आता फक्त रिपेअरिंग.

बोलता बोलता त्यांनी आमचं मशीन उघडलंसुद्धा. आधी बाहेर आलं एक वाळकं झुरळ. उबदार जागा, त्यांचा टू बीएचकेच तो! मग धूळ, मग रुळांवरचं सुकून घट्ट झालेलं ग्रीस. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. डिस्क फिरली, पण वाचेना. “लेन्स गेलीये. वयच झालं तिचं,” काका म्हणाले. कोपऱ्यातल्या खोक्यातून त्यांनी दुसरं बंद मशीन काढलं. याला इथे ‘डोनर’ म्हणतात. त्याची लेन्स काढून आमच्यात बसवली. पाऊण तास, आठशे रुपये.

“काका, परत बिघडलं तर?”

त्यांनी खोक्याकडे बघितलं. आत तीन मशीन उरली होती. “ही संपली की संपलं, बेटा. माझा मुलगा हे शिकला नाही. हा शिकतोय, पण हा हौशी.”

२०२२ मध्ये केंद्र सरकारनं राइट टू रिपेअरसाठी समिती नेमली. म्हणजे दुरुस्ती हा हक्क आहे, हे कागदावर यायला लागलंय. पण हक्क मिळाला तरी हात कुठून आणणार? पार्ट मागवता येईल, तिशी-चाळीस वर्षांचा अंदाज कुरिअरनं येत नाही. म्हणून मला तो शनिवारवाला मुलगा महत्त्वाचा वाटतो. त्याचा छंद म्हणजे टाइमपास नाही. काकांच्या बोटातलं काहीतरी त्याच्या बोटात चाललंय.

रात्री मशीन टीव्हीला लावलं. मेमरी कार्ड फक्त आठ एमबीचं. त्यात दादाचा सेव्ह, तारीख २०११ ची. त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. एरवी अखंड बडबड करणारा हा माणूस गप्प झाला. मग म्हणाला, “त्याच्यावर दुसरं काही सेव्ह करू नकोस हां.” आईनं भंगारवाल्याचं नाव पुन्हा काढलेलं नाही.

तुमच्याही माळ्यावर असं काही पडलं असेल तर काढा. ग्रँट रोडला आता २०२५ पासून मेट्रो ३ चंही स्टेशन आहे. रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेव्हा शनिवारच बरा. सोबत अ‍ॅडॉप्टर, केबल आणि एक चालू डिस्क न्या. काम सुरू करण्याआधी भाव विचारा. मेमरी कार्ड काढून स्वतःकडे ठेवा. आणि दुकानदार ‘नवीन घ्या’ म्हणाला, तर वाद घालू नका. फक्त वर जायचा जिना कुठे आहे, ते विचारा.