इफ्तारीपूर्वीची पाच मिनिटे

२०२५ च्या रमजानचा पहिला रोजा २ मार्चला होता. उस्मानपुऱ्यातील आमच्या घरी तेव्हा आम्ही निश्चय केला, की तरावीहची नमाज आटोपल्यावर रोज तासभर आत्मपरीक्षण करावयाचे. चौथ्याच रात्री वहीवर डोके टेकून आम्ही घोरत होतो! थोडे पण अखंड चालणारे आचरणच ईश्वरास अधिक प्रिय, असे पैगंबरसाहेब सांगत. ते स्मरून मग मगरिबच्या अजानीपूर्वीची पाच मिनिटे निवडली. पुढ्यात खजूर, वहीत एकच ओळ. तीन दिवस तीच ओळ उतरली : वडिलार्जित घराच्या वाटणीवरून धाकट्या बंधूशी धरलेला अबोला. दुसरे काही लिहावे म्हटले. पण उपाशी पोटी खोटे लिहवेना. चौथ्या दिवशी वही कोरीच ठेवून त्याच्या दारी गेलो. त्याने न बोलता खजुरांची ताटली पुढे सरकवली.