नंदी यडूरला आहे

खिद्रापूरच्या कोपेश्वरासमोर नंदी नाही. शिवालयात शिरताना हात आपसूक नंदीच्या पाठीकडे जातो, इथे तो तसाच राहतो. गावात विचारलं की उत्तर तयार असतं, ‘नंदी यडूरला हाय.’ देव शिरोळ तालुक्यात, महाराष्ट्रात. नंदी चिकोडी तालुक्यात, कर्नाटकात. आठवडाभर सीमाभागातून सायकलने फिरायचं आधीच ठरलं होतं. कुठून कुठे जायचं, ते या उत्तराने ठरवलं.

सती दक्षाच्या यज्ञाला नंदीवर बसून गेली, म्हणून तो तिकडे, अशी इथली कथा. इकडे शंकर कोपला. त्याला शांत करायला विष्णू आला, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वर. कथा मला आवडते. पण मी अडकलो तो स्वर्गमंडपात. अठ्ठेचाळीस खांब आणि मधोमध छतच नाही, गोल आभाळ. त्याच्या बरोब्बर खाली तेवढीच गोल शिळा. सकाळी उन्हाची चकती आधी खांबांवर पडते आणि हळूहळू शिळेकडे सरकते. एकच खांब कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी, कुठे गोल. काळ्या दगडावरून बोट फिरवावं तर कुठेही अडत नाही. बाहेर हत्तींची रांग सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभी आहे. बाराव्या शतकातलं शिलाहारांचं हे काम मला वेरूळइतकंच मोठं वाटतं. इथले शिलालेख जवळजवळ सगळे कन्नडात आहेत. संस्कृतातला एकच, यादव सिंघणाचा, दक्षिण दाराजवळ बाहेरच्या भिंतीवर, देवनागरीत. दोन्ही लिप्या एकाच देवळात शतकानुशतकं नांदताहेत. मी तिथून दुपारी निघालो.

यडूरच्या वाटेवर दोन्हीकडे ऊस. तोडणी चालू होती. वाड्यांच्या पेंढ्या सायकलला बांधून बायका घरी निघालेल्या, डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आला की रस्त्याच्या कडेला उतरायच्या. हद्द कधी ओलांडली ते पाटीवरच्या अक्षरांनी सांगितलं. फडाला ते ठाऊक नव्हतं. मोटारीतून सीमा म्हणजे एक कमान. सायकलवर ती कुठे सुरू होते तेच कळत नाही, कारण चहाच्या टपरीगणिक बोलणं थोडंथोडं बदलत जातं.

यडूरहून पुढे निपाणीत तंबाखूचा वास नाकात बसला. १९८१ साली इथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी केलेलं आंदोलन अजून लोकांच्या तोंडी आहे. पुढे संकेश्वरहून हिरण्यकेशी धरली. ही नदी आंबोलीला उगम पावते, आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात उतरते आणि घटप्रभेला मिळते. मी तिच्या उलट चाललो होतो, म्हणजे सगळा चढ. चढावर माणूस आपोआप हळू होतो आणि त्याला गावं दिसू लागतात. आजऱ्याला घनसाळ तांदळाचा भात खाल्ला; वाफेबरोबरच त्याचा वास येतो. त्यावर फक्त तूप घ्यावं, आमटी नको.

त्याआधी, संकेश्वरच्या अलीकडे, एका टपरीवर थांबलो होतो. फळकुटावर पालथी पडून एक मुलगी कन्नडात शुद्धलेखन लिहीत होती. गोल अक्षर, ओळीवर नीट बसवलेलं. आजीने दारातल्या म्हाताऱ्याला ‘ऊटा आतेन?’ म्हणून विचारलं, माझ्याकडे वळून ‘च्या घ्या की, दमलासा’ म्हणाली आणि त्याच दमात नातीला मराठीत दटावलं, ‘वाकून लिहू नगं, डोळं जातील.’ मुलीने मान वर केली आणि कन्नडात उत्तर दिलं. तिघांनाही काही वेगळं घडतंय असं वाटलं नाही.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेने हा मुलूख वाटला. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने प्रश्न मिटला नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. माझा जीव टपरीवरच्या त्या मुलीच्या वहीत अडकला आहे. जत, अक्कलकोटला कन्नड शाळा आहेत. निपाणी, खानापूरला मराठी. मुंबईत आणि बंगळूरात बसून जे ठरवतात त्यांना एवढंच सांगणं आहे: या शाळांना शिक्षक कमी पडू देऊ नका, आणि पुस्तकं जूनमध्येच पोचवा, इकडेही आणि तिकडेही.