पंप घेऊन येणारा माणूस

अमरावती, २० फेब्रुवारी

चि. मृणाल,


तू पाठवलेले एसीच्या कोटेशनांचे फोटो मिळाले. तिन्ही कोटेशनं चष्मा लावून नीट वाचली. "मामा, यातला भरवशाचा कोण?" असं विचारलंयस. त्याआधी एक सांगतो, हे फेब्रुवारीत विचारतेस ते फार बरं केलंस. नागपुरात एप्रिल संपता संपता एसीवाला मिळतो, पण निवडायला मिळत नाही. नवतपा लागला की दारात येईल त्याला लोक हात जोडतात, आणि तो बिचारा दिवसभर या घरातून त्या घरात धावत असतो. तेव्हा चांगल्या कारागिराच्या हातूनही कच्चं काम होतं.

पहिल्या कोटेशनमध्ये "दीड टन, दोन नग, फिटिंगसह" एवढंच आहे आणि खाली एक आकडा. हा घर बघायला आलाच नव्हता म्हणतेस. फोनवर खोलीची लांबी-रुंदी विचारली आणि दीड टन सांगून मोकळा झाला. अगं, तुमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब, बेडरूमची भिंत पश्चिमेला. मे महिन्यात ती भिंत रात्री अकरा वाजताही हाताला गरम लागेल. त्याच मापाची खोली दोन मजले खाली आणि पूर्वेला असती तर कदाचित एक टनात भागलं असतं. शिवाय एसीची क्षमता ठरवतात ती बाहेर ३५ अंश तापमान धरून. आपल्याकडे पारा ४५ वर गेला की तोच एसी थंडावा कमी देतो आणि वीज जास्त ओढतो. ज्याला हे माहीत आहे तो आधी गच्चीवर जातो, ऊन कुठून येतं ते विचारतो, खिडक्या बघतो आणि मग टनाची भाषा बोलतो.

तिसऱ्याने नेमकं हेच केलेलं दिसतं. वर "हॉलला एसी कशाला, कूलरच ठेवा" असंही म्हणाला, आणि जावईबापूंना ते रुचलं नाही. मला मात्र तो माणूस तिथेच पसंत पडला. विदर्भातला उन्हाळा कोरडा. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा मार्च ते मे हॉलला पुरते, आणि मोठ्या हॉलच्या एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर नुसता चिकचिकाट करतो हे खरं, पण तोवर पाराही उतरलेला असतो. एसी विकून पोट भरणारा माणूस एक एसी कमी घ्या म्हणतो, याला किंमत आहे.

दुसरं कोटेशन दुकानाचं. त्यात "इन्स्टॉलेशन फ्री" लिहिलंय. फ्री म्हणजे काय ते विचारून घे. सोबत येणाऱ्या पाइपाच्या पलीकडे लागणारा तांब्याचा पाइप फुटावर, स्टँडचे पैसे वेगळे, ड्रेनचा पाइप वेगळा, भिंतीला भोक पाडायचे वेगळे. यात लबाडी नाही, पण लेखी घे. पाइप तांब्याचाच ना, किती फूट, कुठल्या मेकचा, हे बिलावर यायला हवं. खरी अडचण निराळीच आहे. दुकानातला गोड बोलणारा मुलगा घरी येत नाही. येतो तो दर नगामागे पैसे मिळणारा फिटर. जितकी घरं उरकेल तितकी त्याची कमाई. अशा माणसाकडून पहिल्यांदा सुटतं ते व्हॅक्यूम.

याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सगळी गोम इथेच आहे. आतलं आणि बाहेरचं युनिट पाइपाने जोडलं की त्या पाइपात साधी हवा असते, आणि हवेबरोबर ओल. ती पूर्ण काढायला व्हॅक्यूम पंप लागतो. पंप लावला की मीटरची सुई शून्याच्या खाली उतरत उणे ३० इंचांच्या जवळ जाते. चांगला माणूस अर्धा तास तरी पंप चालू ठेवतो. मग झडप मिटतो, पंप बंद करतो आणि दहा-पंधरा मिनिटं नुसता बसून राहतो. सुई जागची हलली नाही, तरच बाहेरच्या युनिटातला गॅस सोडतो. सुई वर चढली तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा ओल राहिली आहे, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. घाईतला माणूस काय करतो? ॲलन की घालून बाहेरचा व्हॉल्व्ह किंचित उघडतो, गॅसच्या फुसकाऱ्याने हवा बाहेर ढकलतो, जोड आवळतो आणि अर्ध्या मिनिटात "झालं मॅडम" म्हणतो. एसी त्या दिवशी बर्फासारखा थंड होतो, तुम्ही चहा पाजता. पण राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलात मुरते, तेल आंबट होतं, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी कॉम्प्रेसर बसला की दोष कंपनीच्या माथी जातो.

म्हणून तिघांनाही फोनवर एकच विचार: "भाऊ, व्हॅक्यूम पंप आणाल ना? किती वेळ चालवता?" उत्तराला किती वेळ लागतो ते ऐक.

तू सर्टिफिकेटचंही विचारलंस. आयटीआयचा दोन वर्षांचा हा ट्रेड मी उभा जन्म शिकवला, तेव्हा त्या कागदाला नावं ठेवणार नाही. सरकारच्या २०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख दुरुस्ती कारागिरांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं ठरलं होतं, म्हणजे कागद दाखवणारे पुष्कळ भेटतील. पण माझ्या हाताखालची पोरं पंप चालवायला शिकूनच बाहेर पडली होती. बाजारात गेल्यावर त्यातल्या काहींनी पंप दुकानाच्या कोपऱ्यात ठेवून दिला, कारण त्या पाऊण तासाचे पैसे गिऱ्हाइकाने कधी दिले नाहीत. समोरचा दोनशे रुपयांनी स्वस्त करतो म्हटलं की आपण त्याच्याकडे जातो, आणि मग कारागिरांत राम राहिला नाही म्हणतो. तिसऱ्याचा दर जास्त दिसतोय तो बहुधा त्या वेळेचा आहे. घासाघीस कर, पण त्या ओळीवर नको.

पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगला येणारा कुणीतरी सांगेलच, "गॅस कमी झालाय, भरून टाकू." गॅस काही पेट्रोल नव्हे, चालवल्याने संपायला. तो बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला तर गळती आहे. ती शोधून, बुजवून, पुन्हा व्हॅक्यूम करून, युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. नुसतं भरायला निघालेल्याला दारातूनच नमस्कार. बाहेरचं युनिट सुरूच होत नाही आणि तो थेट कॉम्प्रेसर गेला म्हणतो, तर कपॅसिटर तपासला का विचार. स्वस्तातला भाग आहे आणि पुष्कळदा तोच गेलेला असतो.

सासूबाईंच्या खोलीतला जुना एसी बहुतेक आर-२२ गॅसवरचा असेल, पट्टीवर बघ. १ जानेवारी २०२५ पासून नवे एसी बनवताना हा गॅस वापरायला बंदी आहे, दुरुस्तीपुरता अजून मिळतो. त्यात कुणी दुसराच गॅस "चालतो हो" म्हणून टाकायला लागला तर टाकू देऊ नकोस. नव्यांतले काही गॅस पेट घेणारे असतात.

आणि कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नकोस, तिथे खोटे सर्व्हिस सेंटरवाले टपून असतात. वॉरंटी कार्डावरचाच नंबर फिरव. पक्कं बिल घे. बिल असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करताना हातात काही असतं.

आता बाहेरचं युनिट. पहिला म्हणे ते पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीबाहेर टांगणार. सहाव्या मजल्यावर बिनपट्ट्याचा पोरगा सज्ज्यावर उभा राहून हे करणार, आणि दर सर्व्हिसिंगला कुणीतरी तसंच लटकणार. हे मुळीच नको. कमरेला पट्टा न लावता माणूस बाहेर पाठवणाऱ्याने आतलं काम नीट केलं असेल यावर माझा विश्वास नाही. तिसरा गच्चीवर ठेवू म्हणतोय ते योग्य आहे. सोसायटीची परवानगी लागेल, जावईबापूंना सेक्रेटरींकडे पाठव. युनिटच्या आजूबाजूला हवा खेळती राहू दे आणि वर थोडी सावली कर. पाइप मात्र स्लॅबमधून आत घेऊ देऊ नकोस. भिंतीतून घ्यायला सांग, भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला, आणि शेवटी नीट सील. नाहीतर जुलैत एसी गळतोय म्हणून तू त्याला बोलावशील आणि पाणी पावसाचं निघेल.

काम ठरलं की कळव. घरात सगळ्यांना यथायोग्य.

तुझा,
मामा