शोकाचे शिल्प, दर्याचा मुलूख

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसून सिंधुदुर्गाकडे निघालेल्या प्रवाशाच्या मनात त्या जलदुर्गाचा पराक्रमच भरलेला असतो, आणि ते स्वाभाविकच आहे. कारण २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याचा पाया घातला गेला आणि अवघ्या तीन वर्षांत ज्याचा तट भर समुद्रात उभा राहिला, त्या किल्ल्यापुढे दुसरा कोणताही विचार सहसा टिकत नाही. परंतु त्याच तटाच्या आत, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे जेथे दाखवितात, तेथे मी जरा अधिक वेळ रेंगाळलो. राजाराम महाराजांनी बांधविलेले शिवराजेश्वराचे मंदिर तेथून दूर नाही. गेलेल्या पित्याची मूर्ती पुत्राने स्थापावी आणि परक्या रयतेने तीन शतके तिच्यापुढे माथा टेकावा, यात राजनिष्ठा आहेच. पण तिच्या तळाशी एक निखळ मानवी शोक आहे, असे मला तेथे वाटले.

मी आलो होतो तो मात्र या किनाऱ्यावरील दुसऱ्या एका शोकाचे दर्शन घ्यायला. दिवस चैत्राचे होते. शिमग्याचे ढोल नुकतेच निवाले होते, काजूच्या बागांत पिकल्या बोंडांचा आंबूस गंध भरून राहिला होता, आणि ख्रिस्ती घरांत चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपत आला होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हा ख्रिस्ती समाज बहुतांशी मूळचा गोव्याचा. कोणी शेतीसाठी आले, कोणी व्यापारासाठी. आणि १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, गोव्यात ज्या धर्मन्यायालयाचा अंमल होता, त्याच्या धाकाने सावंतांच्या नि मराठ्यांच्या मुलखात उतरलेलेही पुष्कळ होते. येताना त्यांनी आपले कुलाचार आणले, खुरीस म्हणजे क्रूस आणला, आणि देवाच्या मूर्तीही आणल्या. पुढे २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला आणि सावंतवाडी त्याचे मुख्य ठाणे झाले.

शुभ शुक्रवारी दुपारी मालवणजवळच्या एका इगर्जीत मी मागच्या बाकावर बसलो होतो. त्या दिवशी घंटा वाजत नाही. लाकडी फळीवर आपटणाऱ्या लोखंडी कड्यांचा कोरडा आवाज तेवढा होतो. वेदीवरील क्रुसावर ख्रिस्ताची लाकडी मूर्ती होती, जेमतेम हातभर कमी पुरुषउंचीची. तिच्या खांद्यांच्या सांध्याला चामड्याच्या पट्ट्या बसविलेल्या होत्या, हे ती खाली उतरविली जाईपर्यंत माझ्या लक्षात आले नाही. शिडीवर चढलेल्या दोघांनी प्रथम काट्यांचा मुकुट काढला, मग उजव्या हाताचा खिळा, मग डाव्या हाताचा. आणि प्रत्येक हात सुटताच तो खरोखरच गतप्राण देहाच्या हातासारखा लोंबकळून कुशीला लागला. पुढच्या रांगेतील एका वृद्धेच्या तोंडून निघालेला हुंदका साऱ्या सभागृहाने ऐकला. मूर्तीला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून तिरडीवर ठेवले, आणि एकेक जण वाकून तिच्या पायांचे चुंबन घेऊ लागला. माझी पाळी आली तेव्हा मी ते पाय जवळून पाहिले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओठांनी अंगठ्यावरचा रंग पार झिजून गेला होता व आतले तपकिरी लाकूड उघडे पडले होते; जखमेवरचे तांबडे मात्र कोणीतरी अलीकडेच पुन्हा रंगविलेले दिसत होते. किल्ल्यातील तो चुन्याचा ठसा आणि हा झिजलेला अंगठा यांत मला अंतर वाटले नाही.

तिरडीमागून मिरवणुकीत दुःखी मातेची मूर्ती निघाली. काळा झगा, छातीत रुप्याची सुरी, आणि गालांवर न ओघळता थांबलेले काचेचे अश्रू. पोर्तुगिजांच्या मुलखात रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे तिचा केवळ चेहरा व हात कोरलेले होते. वस्त्राखाली नुसत्या पट्ट्यांचा सांगाडा. दसऱ्याला काठीवर लुगडी नेसवून नाचविण्यात येणारी देवीची तरंगे ज्यांनी पाहिली आहेत, त्या इथल्या माणसाला या मूर्तीत परके काही वाटण्याचे कारणच नाही.

तरीही एक गोष्ट आपल्या परंपरेहून अगदी निराळी आहे, आणि ती मला या प्रवासभर सोडीना. आपल्याकडे भंगलेली मूर्ती पूजेत राहत नाही. तिचे जलात विसर्जन करतात. कोकणात ठिकठिकाणी जे वीरगळ उभे आहेत त्यांत खालच्या पट्टीत वीर पडतो, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला नेतात, आणि वरच्या पट्टीत तो शिवापुढे हात जोडून बसतो. मागे राहिलेल्या आईला त्या दगडात कोठेही जागा नाही. ख्रिस्ती शिल्पकाराने नेमकी तीच जागा व्यापली. इ. स. १३०० च्या सुमारास जर्मनीतील लाकूडकोऱ्यांनी मृत पुत्राला मांडीवर घेतलेली मरिया घडविली, ती विद्रूप, आक्रंदणारी, जखमांनी भरलेली होती. आणि १४९८-९९ साली रोममध्ये मायकेलॅंजेलोने तोच विषय संगमरवरात असा शांत केला, की आईचे वय पुत्राहून कमी भासावे. मला जर्मन मूर्ती अधिक खरी वाटते.

दुसऱ्या दिवशी मी वेंगुर्ल्यास गेलो. तेथील डच वखारीच्या भग्न भिंतींपाशी उभे राहिले म्हणजे याच धर्माची दुसरी बाजू समोर येते. १५६६ साली ज्यांच्या देशात इगर्जींतील मूर्ती फोडण्याची लाट उसळली, त्या डचांच्या पूजेत मूर्तीला थारा नव्हता. १६३७ च्या सुमारास त्यांनी येथे वखार थाटली; आणि त्याच्या आदल्याच वर्षी, ८ फेब्रुवारी १६३६ रोजी, जुन्या गोव्यातील सांता मोनिकाच्या मठात क्रुसावरील ख्रिस्ताने डोळे उघडले व काट्यांच्या जखमांतून रक्त वाहिले, असे तेथील जोगिणींनी सांगितले. दर्यावर डचांची गलबते गोव्याची नाकेबंदी करू लागली ती त्याच वर्षी. वेढ्याच्या छायेत असलेल्या शहराने आपल्या देवालाही जखमी पाहिले, यात मला नवल वाटत नाही.

सावंतवाडीत चितारी मंडळींची लाकडी खेळणी पाहून, बांद्यावरून मी जुने गोवे गाठले. त्या मठातच २००२ पासून ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. १९९४ साली ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले होते. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेची चित्रे व वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. ज्याला असा हुकूम काढावा लागतो, त्याच्या दारी ते कारागीर आधीच बसलेले असतात. आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंतात कोरलेल्या सतराव्या शतकातील मूर्तींत त्यांचा हात उघड दिसतो. ‘चांगला मेंढपाळ’ या नावाने ओळखला जाणारा बाल येशू गालाला हात लावून, डोळे मिटून डोंगराच्या माथ्यावर बसला आहे. पायथ्याच्या गुहेत पश्चात्तापदग्ध मग्दालेना पहुडली आहे. हा चेहरा युरोपातला नव्हे, तो ध्यानस्थ योग्याचा आहे. हस्तिदंती क्रुसावरच्या ख्रिस्तातही हेच दिसते: देह सुळ्याच्या बाकाबरोबर वळलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, कुशीत जखम, आणि मुद्रा मात्र समाधीची. अभंग देव घडविण्याची सवय असलेल्या हातांनी भंगलेला देव घडविला, आणि त्याच्या जखमा झाकल्या नाहीत, पण चेहरा भंगू दिला नाही. या कारागिरांची नावे कोणत्याही दफ्तरात आपल्या हाती लागत नाहीत. माझ्या मते तरी पश्चिम किनाऱ्यावरील शिल्पकलेत त्यांच्या कामाला मानाचे स्थान दिले पाहिजे.

सिंधुदुर्गातील लहान इगर्जींतून व जुन्या घरांच्या देव्हाऱ्यांतून अशा लाकडी मूर्ती अजून पूजेत आहेत, आणि खाऱ्या हवेचा व वाळवीचा त्यांना रोजचा धोका आहे. ज्यांच्या ताब्यात त्या असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की सणापूर्वी मूर्तीवर नवा तैलरंग चढविण्याआधी एखाद्या जाणत्या संवर्धकाला ती दाखवावी, आणि अंगठ्यावरचा झिजलेला रंग तर कृपा करून तसाच राहू द्यावा.