गवताचा केक

झाशीचा उन्हाळा ज्याने काढला नाही, त्याला गार पदार्थाची किंमत कळायची नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी लू सुटते आणि नळाचे पाणीसुद्धा चहाला ठेवल्यासारखे येते. लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे आले, तेव्हा इलाइट चौराह्याला ‘इलाइट चौक’ म्हणायची आणि घरातली मुले खो खो हसायची. सासरचे घराणे सुभेदारांच्या काळात दक्षिणेतून इकडे आलेले. त्यांच्या मराठीत चौक म्हणजे वाड्यातला चौक. रस्त्यावरचा तो चौराहा.

१९९६ च्या मे महिन्यात माझ्या मुलाचा आठवा वाढदिवस होता. त्याला केकच हवा होता. घरी ओव्हन नाही. चौराह्यावर केक मिळायचे, पण त्यांत अंडे. आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडे तर सोडाच, चातुर्मासात कांदालसूणही उंबरा ओलांडत नसे. मग मी वाचनात आलेला एक थंड केक करायचे ठरवले. चौराह्यावरून अननसाचा डबा, मारी बिस्किटे आणि जिलेटीनचे पाकीट आणले. ताजा अननस घेऊ नका, असे कृतीत बजावले होते. त्याचे कारण मला पुढे समजले. ताज्या अननसातला एक घटक प्रथिने फोडतो, त्यामुळे जिलेटीन घट्टच होत नाही. डब्यातला अननस तापवलेला असतो, म्हणून तो चालतो.

केक सुरेख झाला. सासूबाईंनी बशी हातात घेऊन विचारले, “अंडं नाही ना ग यात?”

“नाही आई. तुमची शपथ.”

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केक खाल्ला आणि, मी डोळ्यांनी पाहिले, दुसरा तुकडा मागून घेतला. रात्री वीज गेली आणि उरलेल्या केकची कढी झाली, पण मला त्याचे काही वाटले नाही. सासूबाईंना सुनेच्या हातचा केक आवडला होता!

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंना मी मोठ्या ऐटीत कृती सांगितली. त्या गृहविज्ञान शिकवायच्या. जिलेटीनचे नाव ऐकताच त्या थबकल्या. जनावरांची हाडे आणि कातडी उकळून ते काढतात, हे तुम्हाला ठाऊक नाही का, असे त्यांनी विचारले. मला खरेच ठाऊक नव्हते. पाकिटावरच्या हिरव्या-तपकिरी खुणा तेव्हा आलेल्या नव्हत्या.

यांना सांगितले तर हे म्हणाले, “झालं गेलं. आईला कशाला सांगतेस? तिला उगाच त्रास.” व्यवहाराने पाहिले तर बरोबरच होते. पण शपथ मी घातली होती, आणि तीही त्यांची. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी सासूबाई वाती वळत बसल्या होत्या, तिथे जाऊन बसले आणि सगळे सांगून टाकले.

त्यांचे हात थांबले. त्या काहीच बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. संध्याकाळी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी “आज माझा उपास आहे,” एवढेच म्हणाल्या. तिथी कुठलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “ते थरथरतं, त्याचं काम दुसऱ्या कशानं होत नाही का ग?”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले. मग चायना ग्रासची आठवण झाली. “होतं आई. समुद्रातल्या शेवाळाचं असतं.”

“म्हणजे गवतच. चालेल.”

जूनमध्ये त्यांना सत्तर पुरी होणार होती. तोपर्यंत बाजारात दसेरी आंबा आला होता. मलई बेताचीच घालून चक्का घेऊ या, ही कल्पना त्यांचीच. किलोभर दही त्यांनी स्वतः रात्रभर टांगले. सकाळी मी चक्क्यात दोन वाट्या आंब्याचा रस, वाटीभर पिठीसाखर आणि अर्धी वाटी मलई फेटून घेतली. १० ग्रॅम चायना ग्रास कापून दीड वाटी पाण्यात भिजवला आणि मंद आचेवर एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळला. इथे घाई करू नये. आणि फ्रीजमधला गार चक्का तर मुळीच घेऊ नये, नाहीतर हे पाणी पडताक्षणी गोठते आणि गुठळ्या होतात. माझ्या पहिल्या प्रयोगात झाल्या होत्या. तो मुलांनी खीर म्हणून संपवला. चक्का बाहेर काढून ठेवावा, चायना ग्रासचे गरम पाणी गाळून बारीक धारेने ओतावे आणि भराभर ढवळावे. गोल डब्यात दुधात बुडवलेल्या बिस्किटांचा थर, त्यावर हे मिश्रण, आंब्याच्या फोडी, पुन्हा बिस्किटे. चार तास फ्रीजमध्ये.

संध्याकाळी पंधरा-वीस बायका जमल्या आणि नेमकी वीज गेली. माझ्या पोटात गोळा आला. पण केक जागचा हलला नाही. जिलेटीन उन्हाळ्यातल्या खोलीतच वितळायला लागते. चायना ग्रास एकदा घट्ट झाला, की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय सुटत नाही. झाशीची हवा अजून तिथवर पोचलेली नाही!

मेणबत्तीच्या उजेडात सासूबाईंनी सुरी माझ्या हातून काढून घेतली. स्वतः तुकडे कापले, बशा भरल्या, आणि प्रत्येकीच्या हातात बशी देताना सांगत राहिल्या, “खा बिनधास्त. आमच्या सूनबाईंचा केक गवताचा असतो.”