ब्रॅझोस किती फुटांवर?

वादळाच्या नकाशावर तो पांढरा शंकू दिसला की नजर दुसरीकडे जात नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ह्यूस्टनच्या परिसरातले आम्ही सगळे त्या शंकूकडेच डोळे लावून बसलो होतो. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं पत्रक दर सहा तासांनी निघतं. आमच्या घड्याळात पहाटे चार, सकाळी दहा, दुपारी चार आणि रात्री दहा. घरात या वेळा औषधाच्या वेळांसारख्या पाळल्या जात होत्या. हार्वी वादळाचा शंकू आमच्या बराच खाली, कॉर्पस ख्रिस्तीकडे होता. ओळखीतल्या पुष्कळांना त्यानं हायसं वाटलं.

पण शंकू सांगतो ते फक्त वादळाच्या केंद्राबद्दल. तेही साधारण तीनातल्या दोन वेळा केंद्र त्याच्या आत राहतं, एवढंच. पाऊस कुठवर पडेल, वादळ एका जागी घुटमळलं तर काय, यातलं काही त्यात नसतं. हार्वी कॅरिबियन समुद्रात पार विरून गेलं होतं. मेक्सिकोच्या आखातात पुन्हा उठलं, दोन दिवसांत चौथ्या श्रेणीला पोचलं आणि २५ ऑगस्टच्या रात्री रॉकपोर्टजवळ ताशी १३० मैलांच्या वाऱ्यानिशी किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे त्या वाऱ्यानं फारसं नुकसान झालं नाही. मग मात्र वादळाला पुढे ढकलणारे वारेच मंदावले. ते टेक्सासमध्ये रेंगाळलं आणि आखाताची वाफ उचलून आमच्या डोक्यावर ओतत राहिलं. हवामान खात्याला पावसाच्या नकाशासाठी जांभळ्याच्या नव्या छटा काढाव्या लागल्या. टेक्सासमधल्याच नेडरलँड गावी ६० इंचांहून अधिक पाऊस मोजला गेला.

आम्ही शुगर लँडला, ब्रॅझोस नदीच्या बाजूच्या वस्तीत राहतो. वस्तीभोवती मातीचा बांध आहे. नदी चढली की बांधाची दारं बंद करतात आणि आत पडलेलं पावसाचं पाणी पंपानं उपसून नदीत टाकतात. म्हणजे बाहेरून नदीची भीती आणि आतून पावसाची.

मी मूळची सांगलीची. कृष्णा आयर्विन पुलापाशी किती फुटांवर आहे, यावर आमच्याकडे धान्याची पोती माळ्यावर चढवायची की नाही ते ठरतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे पोरांनाही पाठ. त्यामुळे फोनवर आईनं वाऱ्याची चौकशीच केली नाही. "नदी किती फुटांवर आहे गं? आणि वरच्या अंगाला किती पडलाय?"

टीव्हीवर दिवसभर शंकू फिरत होता, पण आमच्या घराचं भवितव्य या दोन प्रश्नांत होतं. नदीच्या वरच्या अंगाला रिचमंड गावापाशी पातळीचं मापक आहे आणि त्याचा आलेख कुणालाही पाहता येतो. आदल्याच वर्षी तिथं ५४.७४ फुटांचा उच्चांक झाला होता. आता अंदाज आला ५९ फुटांचा. बांधांच्या आतल्या अनेक वस्त्यांना घरं सोडण्याचा हुकूम निघाला.

नवऱ्यानं आणि मुलानं तांदळाचं पिंप, मिक्सर, पुस्तकं वरच्या मजल्यावर नेली. पासपोर्ट आणि घराचे कागद मी पिशवीत गुंडाळले, देवघरातले टाक मसाल्याच्या रिकाम्या डब्यात ठेवले. एका मराठी मित्रकुटुंबाच्या घरी, उंचावरच्या भागात, आम्हाला आसरा मिळाला.

तिथं सगळ्यात अवघड गेलं ते ऊन. पाऊस थांबला, आभाळ निळंशार झालं, आणि नदी मात्र चढतच राहिली. वरच्या खोऱ्यात पडलेलं पाणी आत्ता कुठे खाली पोचत होतं. सांगलीत कोयना, वारणेच्या खोऱ्यातल्या पावसाकडे लक्ष ठेवतात ते यासाठीच. मुलं म्हणत, आता घरी जाऊ. मी त्यांना आलेखाची वर जाणारी रेघ दाखवत होते. १ सप्टेंबरला ब्रॅझोस ५५.१९ फुटांवर टेकली. नवा उच्चांक, पण अंदाजापेक्षा जवळजवळ चार फूट कमी. आमचा बांध टिकला, घर कोरडं राहिलं.

केटीच्या बाजूला मात्र बार्कर जलाशयाच्या फुगवट्यानं घरंच्या घरं भरली. आपलं घर त्या फुगवट्याच्या क्षेत्रात आहे, हे तिथल्या कित्येकांना पाणी दारात येईपर्यंत माहीतच नव्हतं. ही माहिती घर घेणाऱ्याच्या हातात सहीच्या आधी पडायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. आखाताच्या काठी राहणाऱ्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या घरात पाणी आलंच तर ते कुठून येईल, नदीचं, ओढ्याचं की जलाशयाच्या फुगवट्याचं, हे एप्रिलमध्येच शोधून ठेवा. जवळच्या मापकाची धोक्याची पातळी कागदावर लिहून फ्रीजवर लावा. आणि पुराचा विमा वेळेत घ्या. नेहमीच्या घरविम्यात पूर धरलेला नसतो, आणि पुराची सरकारी पॉलिसी साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते.