चाकाखालचे दोन सेंटिमीटर

जांबोटी मागे पडली की पावसाची जातच बदलते. बेळगावात छत्री पुरते; इथून पुढे कणकुंबीपर्यंत इरले पांघरणाऱ्यांचा मुलूख. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते हे आपण शाळेत कन्नड आणि मराठी दोन्ही पुस्तकांतून पाठ केले, पण एवढ्या पाण्याचे काय होते ते जुलैत तिथल्या आतल्या वाटांवर कळते. डांबर संपते, तांबडी माती लोण्यासारखी होते, आणि मधूनच जांभ्याचा दगड डोके वर काढतो.

अशाच एका वाटेच्या टोकाला माझी आत्या राहते. वय ७८. मोठ्या रस्त्यापासून घर तीन किलोमीटर. बेळगावला येऊन राहा म्हटले की उत्तर ठरलेले: "गुरं कोण बघणार?" २०२४ च्या जुलैत याच खानापूर तालुक्यातल्या आमगावच्या एका आजारी बाईंना गावकऱ्यांनी काही किलोमीटर खांद्यावरून आणल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. ती वाचल्यावर आमच्या घरात फार बोलणे झाले नाही. मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, जीपला मोठे टायर घालूया."

आमची गाडी फोर-बाय-फोर आहे. कंपनीचे नाव काहीही असो, आमच्या भागात तिला जीपच म्हणतात. चारही चाके ओढतात, तरी त्या वाटेवर दोन गोष्टी नडत होत्या. एक, रस्त्यासाठी केलेल्या गुळगुळीत टायरच्या खाचांत चिखल भरून चाक जागीच फिरायचे. दुसरी, मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला तो लोखंडी गोळा दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर घासायचा. आता गंमत बघा. स्प्रिंगा उंच करून गाडीचे अंग वर जाते, हा गोळा मात्र तिथेच राहतो, कारण तो चाकांच्या रेषेत असतो. त्याला वर उचलायचे तर चाकच मोठे हवे.

आधी शोरूमला गेलो. सल्लागार मुलगा गोड बोलणारा. "परमिशन इल्लरी सर, वॉरंटी होगतैती," एवढे म्हणून मोकळा झाला. कोणती वॉरंटी, पूर्ण गाडीची की काही भागांची, हे लिहून द्या म्हटले तर साहेबांना विचारतो म्हणाला. साहेब मीटिंगमध्ये. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हाही मीटिंगच. आणि त्याच शोरूमच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जिथे सीट कव्हर आणि मॅटिंग विकतात, तिथला माणूस मला चकाकणाऱ्या रुंद अलॉय डिस्क दाखवत होता! मी त्याला वॉरंटीचे विचारले. तो हसला. शेवटी ई-मेल करून लेखी उत्तर मागितले, तेव्हा तीन ओळी आल्या: टायर आणि त्याच्यामुळे बिघडलेले भाग सोडून बाकी वॉरंटी राहील. ही ओळ मी छापून गाडीच्या कागदांत ठेवली आहे. तोंडी "होईल" किंवा "होणार नाही" याला सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर काही किंमत नसते.

मग जुना पी. बी. रोड. एका दुकानदाराने थेट २६५/७५ आर १६ मापाचे जाडजूड मड टायर पुढे लोटले. "गाडी हुली कंडांग काणतैती," म्हणाला. दिसेल वाघासारखी, पण मी घरून आकडे मांडून नेले होते. आमचा मूळ टायर २३५/७० आर १६. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७० टक्के, आत १६ इंची डिस्क. पूर्ण चाकाची उंची सुमारे ७३५ मिलिमीटर येते. दुकानदाराच्या टायरची ८०४. नऊ टक्के मोठे चाक फिरवायला इंजिन दमणार, ब्रेकवर भार येणार, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की मडगार्डला घासणार. मग मडगार्ड कापा, गाडी उंच करा, असे एकातून एक निघत जाते. मधले माप २४५/७५ आर १६, उंची ७७४. मूळ डिस्कवर बसते. फरक ३९ मिलिमीटर, पण गोळा वर उचलला जातो त्याच्या निम्माच, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. मुलाचा चेहरा पडला. पण खरा फरक पडणार होता तो ऑल-टेरेन नक्षीच्या खोल खाचांनी.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ते वाचायला विसरू नका. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२ वा आठवडा. पहिल्या दुकानात पाचांपैकी दोन टायर तीन वर्षांपूर्वीचे निघाले. दाखवल्यावर "अदू होसदे री" झाले. दुसऱ्या दुकानात ताजे मिळाले. तिथे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा टाईप करून हळूच प्रश्न आला, "बिल बेकेन्री?" बेकु, अण्णा. सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, आणि पक्क्या बिलाशिवाय टायर फुगला-फाटला तर कंपनीकडे दाद कशी मागणार? जुन्या चार टायरांचे पैसे मात्र सौ.ने भांडून वाढवून घेतले. तिचे कन्नड माझ्यापेक्षा चोख आहे.

पाच टायर घेतले, चार नव्हे. स्टेपनी जुन्या मापाची राहिली तर फोर-बाय-फोरमध्ये एक चाक लहान पडून गिअरांवर ताण येतो. फिटरने स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून, एका चाकाखाली लाकूड सरकवून, कुठे घासत नाही ना ते पाहिले. काही कापले नाही, जोडले नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध निकाल दिला आहे, तेव्हा हे बरेच. विमा कंपनीलाही पत्राने कळवले.

आता मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा तीनने जास्त पळत असते, हे घरातल्या सगळ्यांना बजावले आहे. अ‍ॅव्हरेज थोडे उतरले. डांबरावर गुणगुण आवाज येतो. चिखलाच्या तोंडाशी हवा २२ वर आणतो, परतताना डिकीतल्या छोट्या पंपाने पुन्हा भरतो. हे जुन्या टायरलाही करता आले असते, हे खरे. आणि ही वाट गावाची आहे. भीमगड अभयारण्याच्या जंगलात हौसेने चाके घालणाऱ्यांसाठी हा लेख नाही.

परवा आत्याला डोळे तपासायला आणले. भर पावसात, एकदाही न रुतता. ती मात्र पायरीशी अडली. "एवढी उंच कशाला केलीस रे गाडी? चढायचं कसं?" आता डिकीत पंपाशेजारी तिच्यासाठी एक लाकडी पाट असतो.